नावघाटावरची हाक

आत्याबाईच्या पायात चांदीचे तोडे होते, चालली की वाजत, आन् त्या आवाजावर आमचं सारं घर चाले. तोडे अंगनात वाजले की मी चुलीतलं लाकूड पुढं सारो, गुरांच्या कोठ्याकडं गेले की जरासक दम घेओ, आन् तोडे थांबले की माहा जीव थांबे, काहून की थांबले म्हंजे ती कुठंतरी उभी राहून पाहून राह्यली. आत्याबाई म्हंजे माही सासू. घर कापसाचं, खातंपितं, ज्वारीनं कनगी भरलेली, मामंजी वारलेले, म्हनून कनगीची, दुधाची, बोलाचालीची सारी सत्ता तिच्या हातात. मी तिसरीतच शाळेतून काढलेली, मंग लगीन लावून देलेली पोट्टी, छातीत सदा धडधड, बोलाले गेली की दम लागे, अर्धं बोलनं तोंडात आन् अर्धं पोटात. "हिले बोलता येते काय वो, का मुकीच देली आमाले?" असं ती शेजारनीले विचारे, माह्या देखत, मी भाकरी थापत असताना. शेजारीन हासे. मी भाकर उलटवो. त्या घरचं आंबाडीचं वरन आन् लसनाचं तिखट मले अजून आठोते, चव नाही आठोत, काहून की भेव लागलेल्या मानसाले चव कुठं लागते.

तिचा राग लग्नातला होता. विहिनींची पंगत बसलती, माही माय सोता वाढत होती, आन् पापडाची टोपली दुसऱ्या टोकाकडून फिरली, तं आत्याबाईच्या पत्रावळीत पापड सगळ्यात शेवटी पडला. झालं एवढंच. पन नवरदेवाच्या मायले पापड शेवटी! तिनं तो पापड तोडला नाही, तसाच पत्रावळीत ठेवून उठली, आन् मंग आमच्या घरात जवा जवा पापड भाजला तवा तवा तो पापड निघाला. "आमच्यात पाहुन्याले पहिले देतात, तुह्या मायकडं कसं असते ते मले ठाऊक हाये." सनावाराले, पाहुन्यांपुढं, ताटावर. लेकराचे बाप, म्हंजे माहे मालक, खाली मान घालून जेवत. ते मायपुढं कवाच बोलले नाही. वाईट मानूस नव्हता, पन मायच्या आवाजानं त्याचेही हात थांबत, माह्यावानीच.

मले सातवा महिना लागला तवा म्हादेवदादा, माहा भाऊ, मले न्याले आला. पहिलं बाळंतपन मायकडं, ही सगळ्यांच्यातली रीत, त्यात विचाराचं काही नसते. दुपार होती. मी मधघरात जात्यावर बसलती, ज्वारी दळत होती, आन् बाहेर बंडीची घुंगरं वाजली. आमच्या बांड्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं, लहानपनापासून ऐकलेली, मी झोपेतही ओळखली असती. मंग दादाचा आवाज आला, "मावशी, राम राम. जनाले न्याले आलो जी. मायची तब्येत बरी नाही, तिनं बंडीत गादी टाकूनच पाठवलं मले." मी उठाले गेली तं आत्याबाई दारात येऊन उभी राह्यली, तोंड दादाकडं आन् एक हात पाठीमागं, माह्याकडं. त्या हाताची बोटं गोल गोल फिरली. दळत राहा. मी पाह्यलं त्या बोटांकडं, आन् मी दळत राह्यली. सतरा-अठराची होती, पोटूशी होती, त्या हाताले भेत होती.

"ती तं वावरात गेली बाप्पा," आत्याबाई म्हने. "आन् खरं सांगू काय, तिले याचंच नाही म्हनते. माह्या मायकडं काय हाये म्हनते, ज्वारीच्या कन्या खाले जाऊ काय? मी नाही म्हनत बाप्पा, तिच्या तोंडचं सांगतो."

जात्याची घरघर दादाले ऐकू गेली. मंग म्हने, "जात्यावर कोन हाये, मावशी?"

"मोलाची बाई लावली."

तिनं त्याले बस म्हटलं नाही. घुंगरं दूर गेली, दूर गेली, मारुतीच्या पाराजवळ एकदा वाजली आन् मंग नाहीच. आन् मी ज्वारी दळत होती. त्या पिठाच्या भाकरी रात्री सगळ्यांनी खाल्ल्या.

मंग एक दिवस मी अंगनात तूर पाखडत होती. आत्याबाई बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली, तोडे सारखे केले आन् म्हने, "जना, तुही माय गेली म्हने. दिवसही झाले तिचे. अंगावरून पानी घे आन् चुलीकडं पाहाय." दिवसही झाले तिचे. म्हंजे निरोप आला तवाच आलता, आन् हिनं तो कुठंतरी डब्याखाली झाकून ठेवला, शिळ्या भाकरीवानी. मी न्हानीत जाऊन डोक्यावरून पानी घेतलं. रडाले आवाज निघे ना. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की माही माय हे समजून मेली की माह्या लेकीनं याले नाही म्हटलं. कन्या खाले कायले जाऊ म्हटलं. तवापासून भेव गेलं नाही, भेव होतंच, पन त्याच्या बुडाशी एक निखारा पडला आन् मी तो विझू नाही देला. लेकराले पाजताना त्याच्यावर फुंकर घालो, भांडे घासताना घालो. आता नातसून म्हनते, आजी, सोडून द्या ना ते, किती वर्सं झाली. मी तिले म्हनतो, बाई, तुह्या घरी गॅस हाये, तुले निखाऱ्याचं काय समजते.

लेकरू पोरगा झाला. सुईन बाहेर येऊन बोलली तसे तोडे साऱ्या घरात नाचले. आत्याबाईनं नावघाटच्या गंगामायले नवस केलता, नातू होऊ दे, त्याचं जावळ तुह्या पायरीवर उतरवीन, पुऱ्या रीतीनं. ती पुरी रीत ऐकून घ्या, काहून की सारी गोष्ट तिच्यावरच हाये. नावघाट आमच्या गावापासून बंडीनं सकाळभराची वाट, नदीच्या या काठाले. रेल आली नव्हती तवा म्हने साऱ्या मुलखाचा कापूस तथूनच नावेनं खाली जाय, लमानांचे बैल गोन्या घेऊन रांगेनं उतरत, पेठ अशी की रात्री दिवे मोजता नाही येत. तवा या काठच्या सुना त्या काठच्या लेकी असत. म्हनून तथं रीत पडली की जावळाच्या दिवशी मायनं लेकरू घेऊन पायरीवर उभं राहाचं आन् पलीकडं भावाच्या नावानं हाक घालाची. तीन हाका. मामा पलीकडून डोंग्यात बसून येते, लेकरू मांडीवर घेते, आन् डोंग्यातच, पान्यावरच, वारीक, म्हंजे न्हावी, जावळ काढते. हाक मायच्याच तोंडची लागते, सासूची नाही चालत, बापाची नाही चालत. हाकेत ज्याचं नाव घेतलं तो जन्माचा मामा. आन् पहिली हाक गेली की जावळ पडल्याशिवाय घरच्या मानसानं पायरी सोडाची नाही, तोंडात पानीसुद्धा घ्याचं नाही.

आत्याबाईनं ठरवलं, मामा म्हनून आमच्या ननंदेचा नवरा बसन. किसनराव. आत्याचा नवरा मामा! शेजारनींनी तोंडाले पदर लावला, पन बोलन कोन. "तिचा भाऊ कोनाचा मामा होत नाही," आत्याबाई म्हने, "एकदा किसनरावचं नाव नदीवर गेलं की तिचं माहेर बुडालं. मंग सनाले कोनी न्याले येत नाही न कोनी पाठवाले लागत नाही." हे ती मले ऐकवूनच बोले. आन् वरतून मलेच शिकवे. "'किसनदादा ये' असं म्हनजो. तीन वेळा. आन् आवाज काढजो जरा, मेल्यावानी नको, साऱ्या घाटानं ऐकलं पायजे." रोज चुलीपाशी मले म्हनाले लावे. "किसनदादा ये." "मोठ्यानं." "किसनदादा ये." "पोटातून!" मी भाजीत पळी फिरवत किसनदादा किसनदादा करो आन् पोटात दुसरंच नाव फिरवो.

फागुन होता, कापूस घरात येऊन गेलता. झुंजूमुंजू असतानाच बंडी जुंपली. लेकराचे बाप कासरा धरून पुढं, त्याच्या बाजूले किसनराव, अंगात आत्याबाईनं आनलेलं नवं धोतर न उपरनं, दर फर्लांगावर उपरनं झटकत. मागं आत्याबाई, मी, लेकरू, गौऱ्यांचं पोतं, रोडग्याची कनिक, वांगे, तुपाची कासंडी. पळस फुलले होते. किसनराव गाने म्हनत होता, मधेच वळून म्हने, "काय वो वहिनी, आता मी तुमचा भाऊ! राखी बांधसान काय मले?" आत्याबाई हासली. मी लेकराच्या टाळूवरून हात फिरवत होती. केस लय मऊ होते त्याचे, कपाळावर गोल वळनारे, मायच्या केसावानी.

नावघाट दिसला तवा मले वाटलं, हे एवढंच? पडक्या वखारीच्या भिंती, त्यात बकऱ्या. काळ्या दगडाच्या पायऱ्या रुंद, इतक्या की दोन बंड्या उतरतीन, आन् पायरीपायरीत लोखंडाच्या कड्या, नावा बांधाच्या, घासून घासून पातळ झालेल्या. आता त्या कड्यांले बाया धुनं बांधत. पन बाजाराचा दिवस होता, म्हनून वरच्या पेठेत गर्दी, गुळाचा वास, बांगड्या, मिरच्यांचे ढीग, आन् खाली वाळूत डांगरं, नदीतली खरबुजं, मांडलेली. नदी आटलेली, मधे डोह तेवढा राह्यलेला, पलीकडचा मानूस तोंडावरून ओळखू ये इतका. त्या काठाच्या मागं कोसभर माहं गाव. बाभळी दिसल्या आन् मले तथचा वारा लागला. लगीन झाल्यापासून मी इतक्या जवळ आलीच नव्हती.

आत्याबाईनं चटचट कामं लावली. वाळूत गौऱ्यांचा जगरा पेटवला, रोडगे वळून आत घातले, वांग्याची भाजी चुलीवर चढवली, वारकाले सुपारी देली, आन् किसनरावले डोंग्यात बसवून पलीकडं धाडलं, की तिकडून मामा म्हनून येऊ दे. डोंगेवाला बुढा त्याले सोडून तथंच थांबला. मी पानी लागते त्या पायरीवर लेकरू कडेवर घेऊन उभी राह्यली. आत्याबाई पाठीशी, कानाजवळ, "घाल हाक. किसनदादा ये."

मी तोंड उघडलं. वारीक खोकलला. लेकरानं माही पोत धरून ओढली. आन् मंग पोटातून, अशी शिकवली होती तशीच, निघाली. "म्हादेवदादा... ये!"

सारा घाट वळला. आत्याबाईले कळालेच वेळ लागला. मंग तिनं माह्या दंडाले असा चिमटा घेतला की मास हातात यावं. "काय म्हटलं? काय म्हटलं सटवे? चुकली वो ही! चुकली! घाल दुसरी!" पलीकडं किसनराव तं नाव ऐकाच्या आधीच उपरनं सावरून डोंग्यात पाय टाकून उभा. डोंगेवाला बुढा वल्हं आडवं धरून म्हने, "उतरा पाहुने. हाक म्हादेवची हाये. तुमचं नाव म्हादेव हाये काय?"

"अरे किसन काय न म्हादेव काय, दोन्ही देवच हाये ना! चाल!"

"देव असान तं पान्यावरून चालत या बाप्पा, डोंगा कायले पायजे तुम्हाले?"

पान्यावरून शब्द न् शब्द ऐकू आला आन् दोन्ही काठ हासले. आत्याबाई वारकाकडं वळली, "हाक फिरवता येते काय गा?" वारीक वस्तरा पुसत म्हने, "घातलेली हाक कुठं फिरते जी, आत्या. माह्या बापाच्याही काळात नाही फिरली." डांगरवाली एक बाई, धिप्पाड, डोक्यावर पाटी, ती वरच्या पायरीवरून म्हने, "बहिनीनं भावाले हाक मारली तं बुढीच्या पोटात कायले दुखून राह्यलं वो?" आन् तिनंच कमरेवर हात ठेवून पलीकडच्या डांगरवाडीले आरोळी ठोकली, "ए... म्हादेवले सांगा रे! त्याची बहीन घाटावर उभी हाये!" तथल्या मानसानं पुढं वावरात आरोळी देली, वावरातल्यानं पुढं. माह्या भावाचं नाव या तोंडून त्या तोंडात जात जात बाभळीमागं गेलं, आन् मी ऐकत उभी होती.

आत्याबाई लेकराच्या बापावर धावली. "उभा काय राह्यला! आन तिले वर! आपल्याले नाही कराचं जावळ!" ते वरच्या पायरीवर बैलाले पेंढी टाकत होते. त्यायनं पेंढी सारखी केली, मंग म्हने, "माय, हाक गेली आता. नवस तुहाच हाये." एवढंच. पन मी त्याच्या तोंडून मायले उलट आलेलं पहिलं बोलनं तेच ऐकलं.

मंग आत्याबाई माह्याजवळ येऊन हळूच बोलली, हासत बोलली, लोकायले वाटावं की समजावून राह्यली. "दोन हाका राह्यल्या तुह्या. तो नाही येत. त्याले मी असं सांगून धाडलं हाये की तो तुह्या दारावर थुंकनार नाही. तिसरी हाक वाया गेली ना, तं लेकरू मी घेऊन जाईन आन् तुले या पायरीवर सोडून जाईन. मंग बस कपडे धूत." मले ठाऊक होतं की ती करन. लेकरू छातीशी आवळलं. पन आता मांगं जागा नव्हती, आन् पुढं नदी होती.

ऊन चढलं. पायरीचा दगड तापला. जगऱ्यातल्या रोडग्यांचा वास आला, खरपूस, तुपाले बोलावनारा, आन् घरच्या मानसाले हात लावता ये ना. लेकराले माही छाती चाले, बैलायले नदी चाले, वारीक सुपारी चघळत होता, पन आत्याबाईले घोटभर पानीसुद्धा नाही. ती सावलीत जाऊ पाहे तं लोक म्हनत, आत्या, पायरी सोडू नका. तोंड सुकलं तिचं, ओठावर पांढरी पापुद्री आली, एकदा तं ती नदीकडं अशी पाहाले लागली की मले वाटलं आता ही ओंजळ भरते. मीही उपाशी होती, अंगावर पाजनारी, डोळ्यापुढं अंधारी येत होती. पन तिच्या ओठाकडं पाहून मले जेवल्यावानी वाटे. कोनी म्हनन, असं वाटू नये. मले वाटलं.

ऊन कलतं झालं तवा बाभळीतून एक मानूस आला. हातात काठी, धोतर वर खोचलेलं, वावरातून तसाच आलेला. चालन्यावरूनच मी ओळखलं. मी दुसरी हाक घातली, "म्हादेवदादा ये!" तो पलीकडं पान्याच्या काठाशी येऊन थांबला. डोंगेवाला त्याले काही बोलला. दादानं मान हालवली. नाही. डोंगेवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दादानं तो हात काढला, आन् नदीकडं पाठ करून उभा राह्यला.

"पाह्यलं?" आत्याबाई मांगून म्हने. "आता घाल तिसरी."

मी पान्याखालच्या पायरीवर उतरली. गुडघ्याएवढ्या पान्यात, लुगडं फुगलं, लेकरू दोन्ही हातानं वर धरलं, आन् त्या दिवसापर्यंत जे जे गिळलं होतं ते सारं त्या हाकेत आलं, दम लागला नाही, अर्धं पोटात राह्यलं नाही. "म्हादेवदादा! मी वावरात नव्हती गा! जात्यावर मीच होती! हिनं दारात उभं राहून मले उठू नाही देलं! तू विचारलं ना जात्यावर कोन हाये, मी होती दादा! मायले मी नाही म्हटलं नव्हतं गा! मायचं मेलेलंही मले सांगतलं नाही! ये दादा!"

वर पेठेतला एक तागडी धरलेला मानूस तागडी तशीच धरून उभा. दादा वळला, आन् वाळूत खाली बसला, दोन्ही हात डोक्याले लावून. मंग उठला आन् डोंग्यात बसला.

मी आत्याबाईकडं पाह्यलं नाही तवा, पन ऐकलं. "खोटी हाये वो ही, खोटी," असं ती ज्याच्या त्याच्याकडं वळून म्हनत होती आन् ज्याच्याकडं वळे ते मानूस बाजूले होई. डांगरवाली म्हने, "बुढे, मेलेल्या मायचा निरोप लपवला तू?" तिच्या भोवतालची पायरी मोकळी झाली. ज्या घाटावर तिले माहं माहेर बुडवाचं होतं त्या घाटावर तिच्याजवळ उभं राहाले कोनी राह्यलं नाही, आन् बाजारातल्या पन्नास गावांच्या मानसायनं ते आपापल्या गावी नेलं.

डोंगा लागला. दादा उतरला नाही, रीतही तशीच होती. मी लेकरू त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं पहिले लेकराकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, आन् म्हने, "कपाळ मायचं हाये याचं." वारीक डोंग्याच्या काठाले बसला, डोकं ओलं केलं, वस्तरा चालवला. लेकरानं हंबरडा फोडला, डोंगा डुले, दादा घट्ट धरून बसलेला, "झालं मामा, झालं, झालं." सोता मामा, आन् लेकरालेच मामा म्हनत होता, इतकं त्याले समजत नव्हतं. केस पळसाच्या पानावर ठेवून पान्यात सोडले.

जावळ पडलं. तोंडाले पानी लावाले मोकळीक झाली. पन आत्याबाई पान्यापाशी नाही गेली, ती डोंग्यापाशी आली. "उतर जना. झालं ना तुह्या मनासारखं. चाल घरी." आवाज बारीक, मी असा तिचा आवाज ऐकलाच नव्हता. मी डोंग्यात चढली आन् दादाच्या बाजूले बसली. लेकराचे बाप पायऱ्या उतरून आले, मले वाटलं, हात धरून ओढतीन. त्यायनं लेकराच्या झबल्यांचं गाठोडं माह्या पायाशी ठेवलं आन् म्हने, "लुगडं ओलं हाये तुहं. वारा लागू नको देजो."

मी आत्याबाईले म्हटलं, "रोडगे खाऊन घ्या आत्याबाई. गार होऊन राह्यले." सासूच्या तोंडाकडं पाहून बोललेलं ते माहं पहिलं वाक्य.

डोंगा चालला तवा दादानं सांगतलं. "माय शेवटपर्यंत म्हने, माही जना असं म्हननार नाही. मीच म्हटलं, माय, म्या कानानं ऐकलं. ती म्हने, तू त्या बाईचं ऐकलं, जनाचं नाही." मी पान्यात हात सोडून बसलती. मंग मले जे रडू आलं ते सारं त्या डोहात गेलं. पन त्यानं निखारा विझला असं कोनी समजू नये. उलट मले कळलं की मायनं आत्याबाईची फसवनूक पचवलीच नव्हती, तं मी कायले पचवू.

मंग मी सासरी परत आली, आन् आत्याबाई पुढं म्हातारपनी अंथरुनाले खिळली. तवा मी तिचं सारं केलं, न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलली, गावानं नाव काढावं असं केलं. ती मरायच्या आधी माह्याकडं पाहून पाहून काहीतरी म्हनू पाहे. मी चमचा पुढं करो. तिले जे म्हनाचं होतं ते मी तिले म्हनू नाही देलं. तेही मी पुऱ्या होशात केलं.

त्या दिवशी पलीकडं डोंगा लागला तं किसनराव वाळूत बसूनच होता, नव्या धोतराले चिखल, तोंड उन्हानं लाल. "झालं काय जावळ?" म्हने. "मी जाऊ काय आता तिकडं? भूक लागली." डोंगेवाला म्हने, "बसा पाहुने, आता तुमचंच नाव घेऊन राह्यले तिकडं." दादानं लेकरू खांद्यावर घेतलं आन् बाभळीच्या वाटेनं चालाले लागला. मी काठावरच उभी राह्यली. समोर घाट दिसत होता, त्या रुंद पायऱ्या, आन् मधल्या पायरीवर आत्याबाई एकटी बसलेली, पदर डोक्यावरून सरकलेला, लोक तिच्या दोन्ही बाजूनं वळसा घालून चढत होते, उतरत होते.

"चाल जना," दादा म्हने, "लेकराच्या डोक्याले ऊन लागते."

"तू चाल," मी म्हटलं. "मले जरासक पाहू दे."

आन् मी पोटभर पाह्यलं.